हा थांबलाय का?

मी एक अणू बोलतोय. कॅल्शियमचा. जन्म कुठल्याशा ताऱ्यातला, पण त्यातलं सांगण्यासारखं काही आठवत नाही. पुढे धातूच्या एका तुकड्यात बराच काळ गेला. एका मुलीने तो तुकडा तापवला, मी उडालो, एक इलेक्ट्रॉन गमावून बसलो आणि स्टीलच्या डब्यात अडकलो. डब्यात हवा नव्हती. विजेच्या जोरावर तिने मला मधोमध धरून ठेवलं.

माझ्याआधी बरेच आले नि निसटले. मी सात महिने टिकून आहे.

ती पीएचडी करत होती. लेझरचा उजेड पाडून ती मला थंड करायची, म्हणजे माझी धावपळ कमी करायची. पडद्यावर मी एक उजळ ठिपका दिसायचो. आईचा फोन आला की म्हणायची, "अजून थांबत नाहीये गं तो." आईने एकदा विचारलं म्हणे, मुलगा करतो काय.

शेवटी माझी हालचाल इतकी कमी झाली, की त्याहून कमी होणं शक्यच नव्हतं. तिच्या मार्गदर्शक सरांनी खुशीत प्रबंधाला नाव देऊन टाकलं: 'एका अणूची पूर्ण विश्रांती'. तिला ते खटकलं. नावाकडे कोण बघतं, असं सरांचं म्हणणं पडलं.

तिची तोंडी परीक्षा घ्यायला आलेल्या बाईंनी मात्र नावाकडे बघितलं. त्या प्रयोगशाळेत येऊन पडद्याजवळ वाकल्या.

"हा थांबलाय का?"

सर घड्याळ बघू लागले.

"नाही," ती म्हणाली. "जागा इतकी जखडलीय, की त्याला ठरावीक असा वेगच उरलेला नाही. शून्यसुद्धा नाही. मोजाल तेव्हा कधी इकडचा निघेल, कधी तिकडचा. सरासरी तेवढी शून्य."

माझ्याबद्दल इतकं नेमकं आजवर कोणी बोललं नव्हतं.

"मग नाव असं का?"

तिने सरांकडे बघितलं नाही. "चुकलंय. बदलते."

बाईंनी पेन काढलं. सहा वर्षांचं काम त्या पेनाखाली होतं.

"नाव मी दिलंय," सर म्हणाले. "ती दोनदा नको म्हणाली होती."

बाईंनी तेवढं नाव खोडलं आणि खाली सही केली.

आज ती सामान आवरतेय. नोकरी दुसऱ्या गावी लागली. वीज बंद झाली की मी डब्याच्या भिंतीला जाऊन चिकटेन आणि तिथल्या गर्दीत मिसळून जाईन. तुम्हाला एकच विनंती. आम्ही नेमके कुठे आणि नेमक्या किती वेगात, हे दोन्ही एकदम विचारू नका.

ती बटणावर बोट ठेवून मघापासून उभी आहे. सर बाहेरून हाका मारतायत. ती "आले" म्हणते आणि तिथेच असते.