खिळा माझा

"संध्याकाळपर्यंत भोक शोधा, तुम्हाला खाली पाठवा म्हणणारा डॉक्टरांचा कागद मी फाडून टाकते," इंजिनियरबाई म्हणाल्या. "नाही सापडलं तर टाकी मोडीत आणि तुम्ही खाली गावात. चौसष्टाव्या वर्षी या उंचीवर छाती दगा देते, एर्मिलोकाका."

"छाती माझी आहे, तुमची नाही," म्हणत एर्मिलोभावजी बूट काढून रिकाम्या टाकीत शिरले.

माझ्या गेलेल्या नवऱ्याचा हा धाकटा भाऊ. डोंगरावरच्या या वेधशाळेत मी स्वयंपाक करते, ते टाक्या सांभाळतात. आकाशगंगेत कुठं एखादा तारा फुटून गेलेला असतो, तिथून गॅमा किरण येऊन हवेवर आपटतात, कणांचा सडा पडतो आणि टाकीतल्या पाण्यात जरासा निळा उजेड चमकतो. तो टिपायचा तर आत काळाकुट्ट अंधार हवा. एकशेचौदा नंबरच्या टाकीत मेपासून बाहेरचा उजेड शिरत होता, तोही कधीमधी. यंत्रांनी हात टेकले. पण ही टाकी भावजींनी स्वतः उभारलेली, ते कसले ऐकतात.

आत अर्धा तास डोळे मिटून बसायचं आणि मग उघडायचे, म्हणजे सुईएवढा उजेडही दिसतो, ही त्यांची पद्धत. मी बंद दाराबाहेर बसून बटाटे सोलत होते. वारा सुटला तसा आतून आवाज आला, "वहिनी, पूर्वेच्या काठाला वर बघा. काय आहे?"

मी वर पाहिलं. वर क्रूस होता. तीन मेला आमचे गवंडी आपापल्या बांधकामावर फुलांचा क्रूस लावतात. न लावणाऱ्याला आम्ही गवंडी म्हणतच नाही. गेल्या वर्षी वाऱ्यानं तो उडवला, म्हणून यंदा भावजींनी टाकीच्या काळ्या आच्छादनातून खिळा ठोकला होता. वाऱ्यानं क्रूस हलला की खिळा हले आणि भोक उघडे.

ते बाहेर आले तेव्हा मी कुजबुजले, "आच्छादनाची शिवण उसवली म्हणा. कोण बघायला जातंय?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला लाज वाटली.

"भोक सापडलं, बाई," ते मोठ्यानं म्हणाले. "खिळा माझा."

इंजिनियरबाईंनी डॉक्टरांचा कागद घडी घालून खिशात ठेवला. "टाक्यांवर काही ठोकायचं नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे, काका. आता कागद मला फाडता येणार नाही."

"नका फाडू."

"आणि तो क्रूसही काढा."

"खिळा काढतो. क्रूस काढणार नाही. तो इथं राबलेल्या सगळ्यांचा आहे."

शिडी लावून ते वर चढले. खिळा उपटला, भोकावर दुहेरी ठिगळ चिकटवलं. दोरी आणायला मी वळले, तोवर त्यांनी कमरेचा पट्टा सोडून क्रूस कठड्याला आवळून बांधलासुद्धा. खाली बाई बघत होत्या. त्यांनी अडवलं नाही.

गावात न्यायला गाडी तयार होती, पण भावजी बसले नाहीत. एका हातानं पँट धरून ते उताराला लागले, ताठ मानेनं, मागं न बघता.

टाकी पुन्हा भरली आहे. पट्टा अजून वरच आहे.