पोचलीस की तार कर

माझा धाकटा भाऊ महांतप्पा ऐकतो अर्धं आणि सांगतो दीडपट. त्याची लेक शारदा औरंगाबादहून एमएस्सी होऊन मुरूमला आली आणि म्हणाली, ‘‘आप्पा, मला पुण्याला तारांवर संशोधन करायला बोलावलंय.’’ झालं! पोरगी तार हाफिसात लागली, असं ह्यानं सोसायटीच्या चेअरमनपासून पाण्याच्या टँकरवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं.

खरं कळलं ते पाडव्याच्या तोंडावर. दुष्काळानं ऊस वाळला होता, साखर कारखानाही लवकर बंद पडला होता. पण पाडव्याला साखरेच्या गाठी कुणाला चुकतात? आमचा तर तोच धंदा.

‘‘तार हाफिस न्हाय?’’ महांतप्पाचा पाक ढवळणारा हात थांबला. ‘‘मग कसली तार?’’

‘‘विश्वाची.’’

‘‘येड्यात काढती व्हय गं? सगळ्या मुरमात सांगून बसलोय म्या! पुणं-बिणं काय न्हाय. घरात बस.’’

शारदाचं तोंड एवढंसं झालं. मला असा संताप आला!

‘‘आधी ऐकून तर घे की रं!’’ मी खेकसले.

शारदानं दोरा लावलेला लाकडी साचा पुढं ओढला. ‘‘आप्पा, सुरवातीला समदं विश्व तुमच्या पाकावानी कढत हुतं. निवता निवता त्यात लांबच लांब, बारीक तारा राहून गेल्या असतील. त्यांच्या ओढीनं भवतालचं द्रव्य गोळा झालं, त्याच्या दीर्घिका झाल्या. एकेकीत अब्जावधी चांदण्या. ह्या गाठींवानी वळीनं लागल्या, अन् मधी नुसती पोकळी.’’

‘‘तिथं दोरा कुनी लावला?’’

‘‘कुनीच न्हाय. पाक निवताना आपोआप झाला.’’

‘‘बघितला कुनी?’’

‘‘अजून न्हाय. कदाचित नसंलबी.’’

घ्या! थोडं खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं?

महांतप्पानं एक गाठ फोडली. आतला दोरा बोटावर घेऊन तो बराच वेळ बघत बसला.

‘‘वरनं दिसत न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘फोडल्याबिगर कळत न्हाय. जा तू. पन पोचलीस की तार कर.’’

पाडवा झाला आणि शारदा गेली. दुसऱ्याच दिवशी पोस्टमन दारात ओरडला, ‘‘तार!’’

तार म्हणजे कुणीतरी गेलं, हे आम्हाला पाठ. मी हंबरडा फोडला, शेजारणी धावल्या. पोस्टमननं कागद उलगडून वाचला: ‘पोचले. तार शोधते आहे. शारदा.’

महांतप्पानं उपरण्यानं डोळे पुसले. मग पोस्टमनच्या हातातला कागद ओढून घेतला आणि तसाच अनवाणी बाजारात पळाला.

‘‘म्हनलो हुतो का न्हाय?’’ त्याचा आवाज घरापर्यंत येत होता. ‘‘पोरगी तारंच्याच कामाला लागली!’’