डाव्या कोपऱ्याचा खो

रिजवान सर तसे सरळ माणूस, पण मागं तीन, मधी पाच, पुढं दोन ह्या रचनेचा विषय निघाला की लई अडेलतट्टू. मुरुमच्या शाळेतल्या खो-खोच्या पोरी त्यांनी फुटबॉलला ओढल्या त्या ह्याच रचनेच्या भरवशावर. मधी पाच जणी असल्या की चेंडू आपल्याच पायात राहतो, हे खरंच. पण त्यातल्या कडेच्या दोघींनी पुढंही पळायचं अन् मागंही यायचं. एक जरी वर अडकली की तिच्या पाठीमागचा कोपरा उघडा पडतो.

अन् डाव्या कडेची निकिता मागं वळायचीच नाही! वळणार कशी? खो-खोत पाठलाग करताना एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत माघारी फिरता येत नाही. सहा वर्षांची सवय ती. दोन महिने सरांनी घसा फोडला, पण पोरीचे पाय ऐकतील तर शपथ.

जिल्ह्याच्या फायनलला व्हायचं तेच झालं. पहिल्या हाफमध्ये धाराशिवच्या संघानं त्याच कोपऱ्यातून गोल मारला. मध्यंतराला मुख्याध्यापक कल्याणप्पा सर तरातरा आले. खो-खोचे जुने गुरुजी ते. ह्या पोरी त्यांनीच घडवलेल्या, अन् त्या फुटबॉलला गेल्या ह्याचा राग मनात होताच. हरलात तर संघ बंद, सोमवारी मैदानात पुन्हा खो-खोचे खांब, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. आता म्हणाले, मागं चार जणी लावा, निदान अब्रू तरी वाचवा. आपल्या हट्टापायी पोरींचा खेळ जाणार, हे रिजवान सरांना आता दिसत होतं.

तेवढ्यात मागच्या फळीतली अर्पिता पुढं झाली.

"सर, तिला वळायला सांगूच नका. वर जाताना तिनं मला खो द्यावा. मी उठते, तिचा कोपरा धरते. माझी जागा शेजारची सोनाली धरंल."

सरांना स्वतःचीच लाज वाटली. दोन महिने आपण जी खोड मोडत बसलो, तीच पोरींनी कामाला लावली होती.

दुसऱ्या हाफमध्ये निकितानं वर जाताना "खो!" म्हणून आरोळी ठोकली. धाराशिवच्या पोरींनी पुन्हा त्याच कोपऱ्यात चेंडू टाकला, तर तिथं अर्पिता हजर. मागची काळजी मिटल्यावर निकिता काय थांबतीय व्हय! एक गोल तिनं स्वतः केला, दुसरा करून दिला. सगळ्या डावीकडं सरकल्यानं शेवटी उजवा कोपरा उघडा पडला, ते दुखणं राहिलंच; पण तिकडून आलेला चेंडू गोलच्या खांबाला लागून बाहेर गेला.

सामना दोन-एकनं जिंकला. कल्याणप्पा सर मैदानात उतरून पोरींपाशी आले. मग त्यांनी विचारलं, "हे असं खेळायला कुणी शिकवलं ह्यांना?"

ऐट मिरवायची तर हीच वेळ होती.

"तुम्हीच की, सर," रिजवान सर म्हणाले.

कल्याणप्पा सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग शाळेच्या शिपायाला फोन लावून सांगितलं, सोमवारी खांब रोवू नको, पोरींना मैदान लागतंय.