भाच्याला घाबरवण्याचं काम

माझी धाकटी बहीण रत्नमाला हिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. परवा नाकाडोंगरीहून तिचा फोन आला. "दादा, येऊन जाय. अश्विनले भेव लावून दे."

अश्विन तिचा एकुलता एक. चार महिन्यांपासून मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली. एकदा खाणीच्या छतातून माती झरली तेव्हा सगळे पळत वर आले. हा डबा संपवून आला. मुकादम खूश. तेव्हापासून नव्या बोगद्यात पहिला अश्विनच.

"तुयाच गोष्टींनी पोरगा असा झाला," ती म्हणाली.

आरोप खरा होता. आमचे बाबा तारखात्यात, कलकत्त्याला. दर रविवारी ते मला भुयारी रेल्वेतून फिरवायचे; जायचं कुठेच नसायचं. पुढे एवढ्या भांडवलावर मी सगळ्या साकोलीत मोठा माणूस झालो. अश्विन चार वर्षांचा असताना त्याला खाटेखाली बसवून मी स्टेशनांची नावं पुकारायचो. जमिनीखाली गार असतं, दिवे असतात, लोक निवांत पेपर वाचतात, हे त्याला बाराखडीच्या आधी पाठ.

मी पोचलो तेव्हा तो दुपारच्या पाळीसाठी बूट चढवत होता.

"आईनं बोलावलं ना तुमाले? लावा भेव मामाजी, भेतो मी."

मी आजवर कुणाला न सांगितलेली आठवण काढली. गाडीत चढताना बाबांचा हात सुटला. मी आत, ते फलाटावर, दार बंद. गाडी बोगद्यात शिरली. काचेत फक्त माझंच तोंड. चड्डी ओली झाली. लोक पेपर वाचत राहिले.

अश्विनचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. "मंग?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. एरवी मला ते छान जमतं.

"पुढच्या स्टेशनावर एका बाईनं बाकावर बसवून ठेवलं. मागच्या गाडीनं बाबा आले."

"म्हणजे जागचं हलाचं नाही. मागून माणूस येतेच." त्याने गाठ मारली.

"अरे, खाणीत मागून गाडी नसते!"

"चिंधूभाऊ असते ना."

वीस वर्षं खाणीत काढलेला चिंधूभाऊ माती झरली त्या दिवशी सगळ्यांत आधी वर पोचला होता.

अश्विनची मोटरसायकल वळणाआड गेली. रत्नमाला पदराला हात पुसत बाहेर आली. "लागलं का रे भेव?"

"लागलं."

तिचा चेहरा एकदम सैल पडला. "बस मंग, जेवूनच जाय."

मी बसलो. तिने भात वाढला. पाळी रात्री दहाला सुटते.