चकचकीत कॅनची लाज

मी एक जुना दुधाचा कॅन आहे. जुनी माणसं अजून माझ्या चकाकीची आठवण काढतात, तेव्हा मला कुठं तोंड लपवू असं होतं. का, ते सांगतो, मित्रांनो.

नेदरलँड्समधल्या फ्रिसलँडमध्ये, समुद्राच्या बांधाला लागून असलेल्या गोठ्यात मी चाळीस वर्षं दूध वाहिलं. त्रिंकेआजी मला रोज ब्लीचने घासायची आणि दारापुढे वाळत ठेवायची. आमच्याकडे घरची बाई कशी, हे तिच्या कॅनवरून ओळखतात. मीही फुगून जायचो. पुढे गायी विकल्या आणि मी अडगळीत, कोळिष्टकांत पडलो.

मला बाहेर काढलं ते आजीच्या सुनेने, हिस्केने. बांधाखालून खारं पाणी शेतात झिरपत होतं, बटाट्याची पानं करपत होती. बांधापलीकडच्या खारट चिखलात काही झुडपं मात्र मजेत वाढतात. त्यांच्या मुळांशी राहणारे जिवाणू हिस्केने प्रयोगशाळेतून वाढवून आणले, माझ्यात पाण्याशी कालवले आणि शेताच्या एका पट्ट्यात ओतले. तो पट्टा हिरवागार राहिला.

"एका पट्ट्याने काय होतंय?" आजीचे यजमान, डाउवेआजोबा म्हणाले. "पुढच्या वर्षी सगळ्या शेताला घाल. जमलं तर शेत तुझं. नाही तर मी त्यात मेंढ्या चरायला सोडतो."

लागवडीच्या सकाळी हिस्के बाळाला पाजत होती. आजीला वाटलं, आपणही हातभार लावावा. माझ्या तळाशी गेल्या वर्षीचा तपकिरी थर होता.

"शी! असला कॅन शेतात न्यायचा? लोक काय म्हणतील!"

तिने मला खसाखसा घासलं. घाईत थोडं ब्लीच तळाशी राहिलंच. मित्रांनो, मला ते जाणवत होतं. पण किती दिवसांनी मी चमकत होतो! हिस्केने ओतलेले जिवाणू माझ्या पोटात मरत होते आणि मी उन्हात मिरवत होतो.

शेवटच्या दोन ओळींना माझ्यातलं पाणी कमी पडलं. पुडीत उरलेले जिवाणू हिस्केने वासरांच्या जुन्या, मळक्या बादलीत कालवून घातले.

जूनमध्ये शेत पिवळं पडलं.

"काय गं, तुझे जिवाणू पोहायला गेले वाटतं समुद्रात?" आजोबा टोमणे मारायचे. हिस्के वही उघडून स्वतःचीच चूक शोधत बसायची. मी दारापुढे चकाकत उभा.

एके दिवशी आजी शेताच्या टोकाला गेली. तिथल्या दोन ओळी हिरव्या होत्या.

"यांना काय वेगळं घातलंस गं?"

"तेच, आई. फक्त बादली वेगळी."

आजीने वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आत्ता गंजून गळून पडावं.

कॉफीच्या वेळी ती सगळ्यांसमोर म्हणाली, "डाउवे, पोरीला बोलू नकोस. कॅन मी ब्लीचने धुतला होता. तिचे जिवाणू मी मारले."

"न विचारता?"

"कॅन धुवायला मी कधी कुणाला विचारलंय? तिथंच चुकलं."

आजोबांनी कप खाली ठेवला. "मेंढ्या थांबतील वर्षभर."

यंदा आजीने मला नुसत्या पावसाच्या पाण्याने विसळलं आणि डागांसकट दारापुढे ठेवलं. शेजारीण थबकली. "त्रिंके, बरं नाही का तुला?"

"बरी आहे. त्याला हात लावू नकोस."

मित्रांनो, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारत जा. आणि चूक कळली, तर त्याच दिवशी सांगा. मला एवढं मोठं तोंड असून बोलता आलं नाही. तुम्हांला येतं. शेत पिवळं पडायची वाट पाहू नका.