एकट्या ध्रुवाचा शोध

"सर, येवढी वर्सं शोदून त्यो सापडला न्हाईच?" संस्कृतीनं विचारलं आणि वर्गात हशा पिकला.

पुण्याहून व्याख्यानाला आलेला सुहासही हसला. चुंबक कितीही तोडा, प्रत्येक तुकड्याला उत्तर आणि दक्षिण असे दोन ध्रुव असतातच, हे त्यानं आत्ताच समजावलं होतं. एकच ध्रुव असलेला कण असू शकतो, असं गणित सांगतं. तो तारेच्या वेटोळ्यातून गेला, तर त्यातल्या विजेच्या आलेखाची सरळ रेघ एकदम वर चढेल. त्या रेघेकडे बघण्यात सुहासचं आयुष्य गेलं होतं.

"नाही सापडला," तो म्हणाला. "पण असलाच तर तो किती दुर्मीळ असेल, एवढं आता कळलंय."

सुनीती मागच्या बाकावर बसून ऐकत होती. शेवगावच्या या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्याचा तिचा हा शेवटचा महिना. सुहासला तिनंच बोलावलं होतं. पुण्यात संशोधन करताना ते पहिलं वेटोळं दोघांनी मिळून गुंडाळलं होतं. मग नगरला तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. ती तिथं सावेडीतल्या घरी परतली, ही नोकरी धरली आणि वडिलांचं सगळं करता करता पुणं राहूनच गेलं.

व्याख्यानानंतर स्टाफरूममध्ये दोघंच चहा घेत बसले.

"तू सुटलीस, सुनीती," सुहास म्हणाला. "तुझी पोरं कुठंकुठं पोचली. माझ्याकडे काय, तर एक सरळ रेघ. प्रयोगही बंद झाला."

"सुटले? इतकी वर्षं मी हळहळले, ते काय कण सापडला असता म्हणून?"

"मग?"

"मला ती रेघ बघायची होती रे. रोज सकाळी जाऊन. आज काही नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी."

सुहासनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "चल, गाडी आहे. सावेडीला सोडतो."

"तू नीघ. माझा एक तास आहे अजून."

दारात संस्कृती थांबली होती. "मॅडम, खरं सांगा, असतंय का तसलं काई?"

"माहीत नाही," सुनीती म्हणाली. ते म्हणताना तिला बरं वाटलं. खडू घेऊन ती संस्कृतीबरोबर वर्गाकडे चालू लागली.