भुयाराच्या दारावरचा ताला

मी एक जुना लोखंडी ताला आहे. पुस्तकात मला कुलूप म्हणतात. पण मित्रांनो, आपल्या भंडाऱ्याकडे मी तालाच.

१९७४ साली मला तुमसरच्या बाजारातून नाकाडोंगरीपलीकडच्या एका पडक्या गढीवर आणलं. गढीच्या पोटात लांब, अरुंद भुयार होतं. पूर्वी तिथं धान्य आणि हत्यारं लपवत, असं लोक सांगत. भुयाराच्या तोंडाला गजांचं दार होतं आणि त्या दारावर मी. चौकीदार यादोराव मला रोज पुसायचे, पिसानं तेलाचे दोन थेंब सोडायचे. "मजबूत ताला आहे जी," असं ते पाहुण्यांना सांगायचे आणि मी फुगून जायचो.

मग एकदा तेलाची बाटली संपली. दुसरी आणायची राहून गेली, ती राहिलीच. पावसाचं पाणी माझ्या पोटात शिरलं. चाबी अडखळू लागली. यादोराव हिसका द्यायचे आणि काम भागायचं.

१९८३ च्या जानेवारीत जवाहरनगरहून कारखान्यातली काही कुटुंबं सहलीला आली. अठरा माणसं होती. त्यांत फिटर केशवराव, त्यांची म्हातारी आई सत्यभामाबाई आणि शेजारच्या पुष्पाबाई होत्या. ही मंडळी आत उतरली. मागून दुसरी टोळी घुसू नये, म्हणून यादोरावांनी दार ओढलं आणि मला दाबून बंद केलं.

अर्ध्या तासानं मंडळी हसतबोलत परत आली. यादोरावांनी चाबी घातली. फिरेना. हिसका दिला. फिरेना.

"चाबी फिरूनच नाही राहिली जी!" यादोराव ओरडले.

मला उघडायचं होतं, मित्रांनो! पण माझे खटके गंजानं चिकटले होते.

आतली हवा कोंदट होती. सत्यभामाबाईंना दम्याचा त्रास. त्या गजांना धरून खाली बसल्या. छाती भात्यासारखी वाजू लागली. यादोरावांनी दगड उचलला.

"थांबा!" केशवराव आतून ओरडले. "दगडानं ताला चेपला तर मग उघडतच नाही. तेल आहे काय?"

"तेल कुठचं जी इथं? गाव दोन कोस आहे."

तेवढ्यात पुष्पाबाईंनी पिशवीतून डबा काढला. "आंब्याचं लोनचं आहे माह्यापाशी. वर तेल तरंगून राहिलं. चालते काय?"

"चालते! आना इकडे!"

केशवरावांनी गजांतून हात बाहेर काढला. पुष्पाबाईंच्या केसांतल्या आकड्यानं त्यांनी थेंब थेंब तेल माझ्या भोकात सोडलं. चाबी जरा इकडे, जरा तिकडे. "बाई, दोन मिनिटं," ते आईला म्हणत होते, "दोनच मिनिटं." त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, हात मात्र घाई करत नव्हता.

माझ्या आत काहीतरी सुटलं. कडी उडाली.

सगळ्यांत आधी सत्यभामाबाईंना बाहेर उन्हात आणलं. त्यांनी लांब श्वास घेतला, मग दुसरा. "आता बरं वाटते," त्या म्हणाल्या. यादोराव त्यांच्या पायाशी बसून लहान लेकरासारखे रडले. त्यांनीच यादोरावांच्या पाठीवर हात ठेवला. "उठ बापू. सारे बाहेर आलो ना?"

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझे भाऊबंद असतील. त्यांना तेलाचे दोन थेंब द्या. आम्ही गंजलो, तर दाराआडची माणसं अडकतात.

त्या दिवसापासून माणसं आत असताना यादोरावांनी मला कधी बंद केलं नाही. संध्याकाळी दार लावण्याआधी ते भुयारात वाकून हाक मारायचे, "कोनी आहे काय जी आत?"

ते पुन्हा हाक मारत, कान देत, आणि मगच मला हातात घेत.